दारापुढची माणसं

निपाणी,
दिवाळीनंतरचा आठवडा

प्रिय आक्का,

जय जिनेंद्र. पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील. रविवारीच आपण फोनवर बोललो, रोज सकाळी तुझं 'उठलास का रं?' मोबाइलवर येतंच, आणि तरी मी कागद-पेन घेऊन दुकानाच्या माडीवर बसलोय. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. एक तर सुलोचना शेजारी उभी राहून 'मला द्या, मला द्या' करते, आणि तुझा आवाज ऐकला की जे बोलायचं ते राहून जातं. मी पाऊस कसा झाला नि सोयाबीन कुणाचं किती निघालं हेच सांगत बसतो. आज जे सांगायचं आहे ते सांगूनच उठणार आहे. वेळ लागेल. चहा घेऊन बस.

आधी घरची हालहवाल. तू येणार म्हटल्यापासून घरात नुसती गडबड आहे. माडीवरची तुझी खोली रंगवायला काढली. रंग मी पांढरा म्हणालो, सुलोचना पिस्त्याचा म्हणाली, तेव्हा पिस्त्याचाच झाला. खिडकीला जाळी बसवली. तुझं जुनं शिसवी कपाट पॉलिश करायला काढलं, तर त्याच्या आतल्या बाजूला तू खडूनं लिहिलेली कन्नड बाराखडी अजून आहे. सुताराला म्हटलं, तिला हात लावू नकोस. नागुबाई, आपल्याकडं भांडी घासायला येते ती, तिनं तर गल्लीभर सांगून टाकलंय, 'अमेरिकेच्या आक्का कायमच्या यायला लागल्यात.' काल मेडिकलवाल्यानं मला थांबवून विचारलं, त्यांना बीपीच्या गोळ्या कुठल्या लागतात, मी आत्तापासून ठेवतो म्हणून.

ती बाराखडी बघितल्यापासून मात्र माझं मन सारखं मागं जातंय. तुला आठवतं, जून जवळ आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. नव्या वह्यांचा वास, खाकी कागदाचा वास, आणि शेजारच्या वखारीतून येणारा तंबाखूचा उग्र भपका. गिऱ्हाईक आत यायच्या आधी शिंकायचं आणि मग पुस्तकं मागायचं. आप्पा मराठी शाळेची पुस्तकं डाव्या फळीवर लावायचे, कन्नड शाळेची उजव्या. वहीवर नाव घालून द्यायचं काम तुझं. मराठी पोरांची मराठीत, कन्नड पोरांची कन्नडमध्ये. माझी कन्नड अक्षरं कोंबडीनं पाय ओढल्यासारखी, तुझी मात्र मोत्यासारखी. ती तुला समोरच्या हिरेमठ मास्तरांनी शिकवली. मास्तर कन्नड शाळेवर होते, धारवाडकडून बदलून आलेले, समोर भाड्यानं राहायचे. त्यांची बायको शारदक्का तुझ्याहून थोडीच मोठी. संध्याकाळी तुम्ही दोघी त्यांच्या पायरीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवायचा. ती कन्नडमध्ये काही सांगायची, तू मराठीत उत्तर द्यायचीस आणि दोघी एकाच वेळी हसायचा. मी विचारलं काय झालं, तर तू म्हणायचीस, 'तुझ्यासाठी न्हाय ते.' अव्वा दारातून ओरडायची, दिवस बुडायला आला, जेवून घ्या. आणि आपण पानावर बसेपर्यंत शारदक्काच्या घरून वाटीभर काहीतरी आलेलं असायचं, कांदा-लसूण न घातलेलं, आपल्यासाठी मुद्दाम वेगळं केलेलं.

नर्सिंगला तुला बेळगावला सोडायला मी आलो होतो, तोही दिवस काल डोळ्यांसमोर आला. आप्पांना दुकान सोडता येईना, म्हणून पत्र्याची ट्रंक घेऊन मी तुझ्याबरोबर. तवंदीचा घाट चढताना एस.टी. गरम झाली, ड्रायव्हर पाणी घालत उभा, तेवढ्यात तू मला म्हणालीस चल, आणि आपण खाली उतरून स्तवनिधीच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले. मी तुला विचारलं, काय मागितलंस? तू म्हणालीस, 'रक्त बघून चक्कर येऊ नये एवढंच.' बेळगावच्या अनगोळात मावशीच्या घरी तुला सोडून परतताना तू हातात खव्याच्या कुंद्याची पुडी दिलीस. मी ती संकेश्वर यायच्या आत रडत रडत संपवली. घरी सांगितलं की मावशीनं काही दिलंच नाही.

मग तुझं लग्न झालं, वर्धमान भावजींना तिकडच्या कागद कारखान्यात नोकरी लागली आणि तू कुठल्या कुठं गेलीस. सीडर बेंड. नाव पाठ करायला अव्वाला महिना लागला. आम्हाला वाटायचं, अमेरिका म्हणजे उंच इमारती. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा आलो आणि बघतो तर काय, तुझं गाव आपल्या कागलाएवढंसुद्धा नाही. एक रस्ता, एक नदी, डोंगरभर सूचिपर्णी झाडं आणि प्रत्येक दारात लाकडाची रास. भावजी गेल्यावर तू त्या थंडीत एकटी कशी राहतेस, हेच मला कोडं होतं. ते दुसऱ्याच दिवशी सुटलं. तुझ्याबरोबर भाजी आणायला गेलो, तर दर चार पावलांवर कुणीतरी थांबवतंय. 'मिस पद्मा, मिस पद्मा.' ही मुलगी तुझ्या हातावर जन्मली, त्याच्या आईला तू रात्रभर धरून बसली होतीस, या म्हाताऱ्याची बायको गेली तेव्हा तू त्याला जेवायला घातलंस. तू निवृत्त झालीस, पण त्या गावाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. मला वाटलं, आप्पा बाजारातून चालले की असंच व्हायचं.

आणि तो टायलर. लाकडं फोडून द्यायला आला होता. शाळेत असल्यापासून तुझ्या दारातलं बर्फ तोच काढतो, हे तू मला कौतुकानं सांगितलंस. मी थालीपीठ लावलं होतं, ते त्यानं उभ्या उभ्या खाल्लं, शेंगदाण्याच्या चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागून घेतली. लाजाळू पोरगा. कारखाना बंद पडल्यापासून त्याला धड काम नाही, बाप घर सोडून गेला, आई कॅरल तुझ्याच दवाखान्यात स्वयंपाकाला, हे सगळं तू सांगितलंस. जाताना त्यानं माझा हात हातात घेऊन 'थँक यू, सर' म्हटलं. मला सर म्हणणारा माणूस निपाणीत नाही गं.

आता जे लिहितोय ते तुला माहीत आहे, पण ते मी कसं बघितलं हे मी तुला कधी सांगितलं नाही. सुलोचनाला तर कालपर्यंत अजिबात नाही.

एके सकाळी तू बँकेत गेली होतीस. मी दार उघडलं तर पायरीवर प्लास्टिकची छोटी पिशवी. आत घडी केलेला कागद आणि मूठभर तांदूळ. मला वाटलं, अक्षता! म्हटलं, बघा, इथंसुद्धा लग्नाची पत्रिका अक्षता घालून देतात. शेजारच्यांच्या दारात बघितलं, तिथंही तशीच पिशवी, त्याच्या पुढंही. म्हटलं, गावजेवण दिसतंय. इंग्रजी वाचायला चष्मा नव्हता. मी ती पिशवी नेऊन तुझ्या देव्हाऱ्यात पार्श्वनाथांपुढं ठेवली. तू आलीस, मी मोठ्या आनंदानं दाखवलं. तू कागद उघडलास, वाचलास, आधी हसलीस. हसत हसत खाली बसलीस आणि मग तुझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून तांदूळ घातले होते. आणि त्यावर लिहिलं होतं, हा मुलूख गोऱ्या माणसांचा आहे, बाकीच्यांनी वेळेत आपली गाठोडी बांधावीत. खाली त्यांच्या टोळीचं नाव. मराठीत सांगायचं तर 'घराचे राखणदार'. तू देव्हारा पुसून घेतलास. कागद पोलिसांकडं द्यायला बाजूला ठेवलास. तांदूळ मी अंगणात पाखरांना टाकले. त्या तांदळानं काय केलं होतं?

तेव्हापासून मला ते दिसायला लागले. आधी दिसत नव्हते असं नाही, मला ओळखू येत नव्हते. एकसारख्या मातकट विजारी, तोंडाला फडकं, डोळ्यांवर काळे चष्मे, खांद्याला बंदुका. शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तू ज्या लोकांना इंग्रजी शिकवायला जायचीस, ग्वाटेमालाकडून सफरचंदाच्या बागांत कामाला आलेली ती कुटुंबं, त्यांच्या वाटेवर हे रांगेनं उभे राहायचे. कुणाला हात लावायचे नाहीत. नुसते उभे. माणसं पोरांचे हात घट्ट धरून त्यांच्यापुढून जायची. कारखान्याच्या आवारात त्यांची कवायत चालते, बाहेरगावाहून माणसं येऊन त्यांना शिकवतात, असं ट्रक चालवायचा तो म्हातारा डॉन सांगायचा. पोलिसांना विचारलं तर म्हणत, उभं राहणं गुन्हा नाही.

आणि मग डॉननंच ते सुरू केलं. त्याच्याकडं रस्त्याच्या कामावरचे जुने पिवळे रेनकोट होते. ते त्यानं गावात वाटले. पुढच्या शनिवारी वाचनालयाच्या दारापासून रस्त्यापर्यंत पिवळ्या कोटातली माणसं दोन्ही बाजूंना उभी. पाठ बंदुकांकडं, तोंड येणाऱ्या माणसांकडं. पोस्टातली बाई, शाळेचे हेडमास्तर, चर्चचा पाद्री, आणि दवाखान्यातला तुझा तो आडमाप डॉक्टर. बंदूकवाल्यांकडं बघायचंच नाही, फक्त आत जाणाऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं. तू मला म्हणालीस, तू घरी थांब. मी म्हटलं, एवढ्या थंडीत एकटा काय करू? खरं सांगू का, मी घाबरलो होतो आणि घरी एकटं थांबायची मला जास्त भीती वाटत होती. डॉनचा एक कोट मला घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत. माझ्या मागं बंदूक घेतलेला माणूस इतक्या जवळ की त्याच्या च्युइंगमचा वास येत होता. पाठीत घाम, नाकाला बर्फ. आणि पुढून एक बाई आली, कडेवर बाळ. मला गुड मॉर्निंगसुद्धा आठवेना. मी म्हणालो, 'या या, बसा.' तिला काय कळलं कुणास ठाऊक, ती हसली.

तिथं उभं असताना मला आपली गल्ली आठवली. ते भाषेवरून पेटलेलं वर्ष. बस बंद, शाळा बंद, इकडून घोषणा, तिकडून लाठ्या. आप्पांच्या पाटीला एकदा यांनी काळं फासलं, एकदा त्यांनी. कारण पाटी दोन्ही भाषांत होती. तू सुट्टीला घरी आली होतीस. त्या दिवशी दुपारी बाहेरगावची पोरं ट्रकमधून उतरली आणि कन्नड मास्तर कुठं राहतो विचारत गल्लीत शिरली. हातात दगड. आप्पांनी मला मागच्या बोळातून मारुतीरावांकडं पिटाळलं. मारुतीराव म्हणजे सीमाचळवळीतला पक्का माणूस, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. मी धापा टाकत सांगितलं, ते जेवत होते, तसेच हात न धुता निघाले. आम्ही पोचलो तर आप्पा मास्तरांच्या पायरीवर एकटेच बसलेले, मांडीवर टोपी. मारुतीराव त्यांच्या शेजारी बसले आणि पोरांना म्हणाले, 'घोषणा देतोय आमी सरकारला. मास्तरच्या दाराला न्हाय. दगड टाकायचा आसंल तर हितं टाका, माझ्या टकुऱ्यावर.' पोरं घुटमळली. एकानं टाकला, तो आप्पांच्या खांद्याला लागला. आप्पा हलले नाहीत. मग कुणाचाच हात वर झाला नाही. आणि त्याच महिन्यात उलट्या बाजूची टोळी आली, तेव्हा हिरेमठ मास्तर लुंगीवर आपल्या दुकानापुढं येऊन उभे राहिले होते, तेही आपण बघितलंय.

ही गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल. आप्पा बसले, मारुतीराव बसले. त्यात तू कुठंच नव्हतीस.

मी निपाणीला परत आलो आणि मग मार्च आला. तो शनिवार तू मला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलास. त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं म्हणून पिवळे कोट थोडेच आले. राखणदारांनी या वेळी दारच अडवलं. एस्तेबान आजोबा, सफरचंदं तोडून पाठीत वाकलेले, ते नातीला घेऊन पुढं गेले, 'एक्सक्यूज मी' म्हणाले. तेवढंच इंग्रजी तू त्यांना आदल्या आठवड्यात शिकवलेलं. कुणीतरी त्यांना छातीवर धक्का दिला. पायरीवरून पडले, खुबा मोडला. तू पुढं धावलीस, आणि ज्यानं धक्का दिला होता तोच फडक्याआडून हळूच म्हणाला, 'मिस पद्मा, तुम्ही घरी जा. प्लीज.'

आवाज तू लगेच ओळखलास. वर्षानुवर्षं तुझ्या दारातलं बर्फ काढून, चहा पिताना ऐकलेला आवाज. तू त्याच्याकडं बघितलंस आणि एस्तेबानजवळ बसलीस. एवढं सांगून तू फोन ठेवलास.

पुढं सरकारी वकीलबाई तुझ्याकडं आल्या. त्या राज्यात कुणालाही स्वतःची फौज बाळगायला बंदी आहे, पण तो कायदा कधी कुणी वापरला नव्हता. कोर्टात सिद्ध झालं तर त्या टोळीची कवायत, बंदुका घेऊन रस्त्यावर उतरणं, सगळं बंद होईल. एस्तेबानना भरपाई मिळेल. पण सिद्ध कसं करणार? तोंडं झाकलेली. ज्यांनी बघितलं त्यांनी एकेक करून अंग काढून घेतलं. कुणाच्या गाडीची चाकं फाडली, कुणाच्या पोरीच्या शाळेबाहेर कुणी उभं राहू लागलं. नाव घेऊन सांगू शकणारी तू एकटी उरलीस. जानेवारीत तारीख आहे. आणि मी उन्हाळ्यापासून तुला एकच म्हणत राहिलो, आक्का, घरी ये. कशाला पडतेस त्यात? इथं तुझं घर आहे, माणसं आहेत.

गेल्या रविवारी तू म्हणालीस, 'डिसेंबरात येते रं आरू. वकीलबाईला कळवलं, मी साक्ष देत न्हाय.' कॅरल तुझ्याकडं आली होती म्हणालीस. तुझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. माझ्या पोराचं नाव घेऊ नकोस, त्याला चांगलं काम मिळालं असतं तर तो त्यांच्यात गेला नसता. तू म्हणालीस, 'त्याचा जन्म मी बघितलाय. मी कसं सांगू?' आणि मग म्हणालीस, 'दमले मी.'

फोन ठेवला आणि घरात दिवाळी झाली. सुलोचनानं खपली गहू हुग्गीच्या खिरीसाठी बाजूला काढला. मी पण हसत होतो. पण मला जेवण गेलं नाही. मला वाटलं, आनंदानं.

गुरुवारी कामासाठी बेळगावला गेलो होतो. शारदक्का आता अनगोळात मुलाकडं राहते, मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, हे तुला मागं फोनवर सांगितलं होतं. म्हटलं, तू येतेस हे तिला सांगावं, खूश होईल. केस पांढरे झालेत, गुडघे गेलेत, पण आवाज तोच. 'बारप्पा, बारप्पा', ये ये करून बसवलं. तू कायमची येतेस म्हटल्यावर तिनं टाळीच वाजवली. मग गोष्टी निघाल्या, आणि मी नेहमीप्रमाणं आप्पा नि मारुतीराव पायरीवर कसे बसले ते सांगायला लागलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'ते बाहेरचं झालं. आत काय झालं तुला माहीत आहे काय?' मी म्हटलं, आत काय? तर म्हणाली, 'तुझी आक्का मागच्या भिंतीवरून उडी मारून आली की. माझा बाळ चाळीस दिवसांचा पण झाला नव्हता. ओरडायला लागला. बाहेर दगडाचे आवाज. मी कोपऱ्यात जाऊन बसले. तिनं बाळ माझ्याकडून घेतलं, छातीला धरलं. मी म्हटलं, पद्मा, तू जा, तुझं काय काम इथं, तुला पण मारतील. ती म्हणाली, शारदक्का, तुझ्या घरात मी रोज येते, आज कशी जाऊ? मला अजून तसंच ऐकू येतं.' उडी मारताना तुझा पाय मुरगळला होता म्हणे. घरी तू काय सांगितलं होतंस, आठवतं? जिन्यावरून घसरले.

आक्का, तू हे कधी कुणाला सांगितलं नाहीस. आप्पांना नाही, अव्वाला नाही, मला नाही. मी जन्मभर आप्पांचा धीर सांगत हिंडलो आणि तसाच धीर माझ्या शेजारच्या खोलीत मुरगळलेल्या पायाला हळद लावून बसला होता.

परत येताना बसमध्ये मला कळलं, जेवण का जात नव्हतं ते. तू दमलीस म्हणून येत असतीस तर मी तुला खांद्यावर घालून आणली असती. टायलरवर माया म्हणून गप्प राहतेस, तेही मला कळतं. मीही त्या पोराला आवडीनं वाढलंय. पण तो बिचारा फडक्याआडून तुला घरी जा म्हणाला, आणि इकडून मीही तेच म्हणत होतो. घरी जा, घरी ये. त्याला भीती वाटली असेल, मलाही भीतीच वाटत होती. तुझं नाव घेऊन आम्ही दोघंही तुला त्या दारातून बाजूला सारत होतो. आणि कॅरलला पोरगा परत हवा असेल, तर त्याच्या तोंडावरचं ते फडकं कुणाला तरी काढावं लागेल. त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या, त्याचं वाईट न चिंतणाऱ्या माणसानं ते काढलेलं बरं. हे मी तुला सांगतोय हे वाचून तू हसशील, कारण हे सगळं तुला माझ्या आधी कळलेलं असणार. एस्तेबान आजोबा अजून कुबडीवर चालतात, असं डॉननं मला मेसेज करून कळवलंय. तुझ्याबद्दल त्यानं एक अक्षर लिहिलेलं नाही. आग्रह नाही, काही नाही.

तर आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. तुला 'घरी ये' म्हणालो होतो, तो शब्द मी परत घेतोय. डिसेंबरात येऊ नकोस. खोली तुझी आहे, रंग वाळलाय, ती कुठं पळून जात नाही. सुलोचनाला मी काल सगळं सांगितलं, तांदळापासून. ऐकून ती म्हणाली, 'त्यांना एकटं कसं उभं करताय? तुम्ही जा.' माझा व्हिसा अजून चालू आहे. काल कोल्हापुरात जाऊन तिकीट काढून आलो, तारखेच्या आठवडाभर आधी पोचेन. दुकान समर्थ बघणार आहे, आपल्या चुलतभावाचा मुलगा, तो तयार झालाय. कोर्टात तू उभी राहिलीस तर मी मागं बसेन. इंग्रजीतलं मला निम्मं कळणार नाही, पण तू मान वळवून बघितलंस तर मी दिसेन. आणि तुला नाही वाटलं, त्या सकाळी उठून म्हणालीस, आरू, मला नाही जमत, तर मी एक शब्द बोलणार नाही. तुझी बॅग उचलेन आणि तुला घेऊन येईन, आणि इथं कुणालाही तुला काही विचारू देणार नाही. फक्त जे ठरवशील ते तू ठरव. माझ्या हाकेमुळं नको.

तुझाच,
आरू